पृथ्वी फिरताना दाखवणारे फूको



या वेळी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे होते. वर्गात बऱ्याच जणांनी शिवाजी महाराज आणि सावित्रीबाई घेतले. मी लेऑन फूको घेतले. ते कोण, असं सगळे विचारतात, म्हणून आधी कारण सांगतो.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हा धडा चालू होता. मी उभा राहून विचारलं, की फिरते तर आपल्याला दिसत का नाही? सगळा वर्ग हसला. मला फार वाईट वाटलं. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली की पृथ्वी फिरली असती तर हंड्यातलं पाणी सांडलं नसतं का! पण गुरुजी हसले नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फूकोंची गोष्ट सांगितली.

लेऑन फूको यांचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील पुस्तके छापून प्रसिद्ध करत. ते लवकर वारले आणि आईने लेऑनना वाढवले. ते लहानपणी फार अशक्त होते. त्यामुळे त्यांचे पुष्कळसे शिक्षण घरीच झाले. अभ्यासात ते काही पहिले येणारे नव्हते. पण हात असा चलाख, की त्यांनी लहानपणीच बोट केली, तारायंत्र केलं आणि वाफेचं इंजिनसुद्धा केलं.

पुढे ते डॉक्टर व्हायला गेले. पण रक्त बघितलं की त्यांना सहन होईना. डॉक्टरकी सोडावी लागली. मग ते एका प्राध्यापकांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकाचे काम करू लागले. त्या वेळी फोटो काढण्याची कला नवीनच निघाली होती. १८४५ साली फूको आणि त्यांचे मित्र फिझो यांनी सूर्याचा फोटो काढला. त्यात सूर्यावरचे डाग दिसतात.

आता मुख्य गोष्ट. पृथ्वी फिरते हे त्या काळच्या विद्वानांना माहीत होतं. आकाशातल्या ताऱ्यांवरून त्यांनी ते ठरवलं होतं. पण खोलीत बसून, आकाशाकडे न बघता, ते सहज दाखवता येत नव्हतं. फूको आईबरोबर राहत त्या घराला तळघर होतं. जानेवारी १८५१ मध्ये त्यांनी तिथे दोन मीटर लांब तार छताला टांगली आणि खाली पाच किलोचा गोळा लावला. हाच लंबक. पहिल्यांदा तार तुटली. ते चिडले असतील, पण त्यांनी परत सगळं बांधलं. काही दिवसांनी रात्री दोन वाजता त्यांना दिसलं, की गोळ्याची झोका घेण्याची दिशा हळूहळू वळते आहे. त्या वेळी बाकी सगळं पॅरिस झोपलेलं असणार.

गोळा स्वतः वळत नाही. तो आपल्याच दिशेने झोके घेत राहतो. खालची जमीन फिरते, आणि आपण जमिनीवर असल्यामुळे आपल्याला गोळा वळल्यासारखा वाटतो.

हे मला कळेना. माझे वडील गवंडी आहेत. त्यांचा ओळंबा मी शाळेत आणला. आम्ही कुंभारकाकांच्या चाकावर तीन काठ्यांची तिवई बांधली आणि तिला ओळंबा टांगला. मी हाताने ढकलला तर तो सरळ न जाता अंड्याच्या आकारात फिरायला लागला. गुरुजी म्हणाले, फूकोंनी हात लावलाच नव्हता. त्यांनी गोळा एका बाजूला ओढून दोऱ्याने बांधला आणि तो दोरा जाळला. मग आम्हीही तसंच केलं. गुरुजींनी काडी लावली. ओळंबा सरळ झोके घेऊ लागला. काकांनी चाक हळूहळू फिरवलं. तिवई फिरली, पण ओळंबा शाळेच्या दारापासून आडाकडे जात होता तो तसाच जात राहिला. आता कोणीच हसलं नाही.

पॅरिसमध्ये फूकोंनी विद्वानांना पृथ्वी फिरताना बघायला बोलावलं. मग मार्च १८५१ मध्ये पँथिऑन नावाच्या मोठ्या इमारतीच्या घुमटाला ६७ मीटर लांब तार लावून २८ किलोचा गोळा टांगला. (माझं वजन २६ किलो आहे.) एका झोक्याला जाऊन परत यायला १६ सेकंद लागत. गोळ्याखाली टोक होतं आणि भोवती वाळूचा छोटा बांध. दर वेळी ते टोक वाळूत जरा पुढे खूण करी. लोकांची गर्दी झाली. तासाला ११ अंश म्हणजे एक पूर्ण फेरी व्हायला जवळजवळ ३२ तास.

ध्रुवावर ही फेरी एका दिवसात होते. विषुववृत्तावर लंबक वळतच नाही. पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ७६ तास लागतात, म्हणजे तीन दिवसांपेक्षा जास्त. आमचा ओळंबा तर दहा मिनिटांत थांबतो! म्हणून खरी पृथ्वी फिरताना आम्हाला बघता आली नाही, चाकावरच समाधान मानलं. दिल्लीला नव्या संसद भवनात २०२३ साली असा मोठा लंबक लावला आहे.

फूकोंनी आणखी पुष्कळ शोध लावले. १८५२ साली त्यांनी गायरोस्कोप केला. त्याची चकती जोरात फिरत असली की तीही आपली दिशा सोडत नाही. त्यांनी प्रकाशाचा वेगही मोजला. १८६२ साली त्यांचं उत्तर सेकंदाला २,९८,००० किलोमीटर आलं, ते खऱ्या वेगाच्या अगदी जवळ आहे. तरी ते गणित रीतसर शिकलेले नाहीत म्हणून काही विद्वान त्यांना कमी समजत. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्यांना १८६५ साली घेतलं. मला वाटतं फार उशीर केला. कारण पुढे लवकरच ते आजारी पडले. त्यांचे हात चालेनात, बोलता येईना. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी ते वारले. तेव्हा ते फक्त ४८ वर्षांचे होते. आयफेल टॉवरवर ७२ नावे कोरली आहेत, त्यांत फूकोंचे नाव आहे.

आजीला मी चाक दाखवलं. ती म्हणाली, चाक कुंभाराने फिरवलं, मग पृथ्वी कोण फिरवतं? गुरुजी म्हणाले, पृथ्वी तयार झाली तेव्हाच तिला गिरकी मिळाली आणि अडवणारं कोणी नाही. फक्त चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने ती अगदी हळूहळू मंद होते. शंभर वर्षांत दिवस सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा मोठा होतो. आजी म्हणाली, मग काळजी नाही.

पालकसभेच्या दिवशी आम्ही चाक शाळेच्या ओट्यावर ठेवणार आहोत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी अकराच्या आत यावं. त्यानंतर ओळंबा घेऊन वडिलांना कामावर जायचं आहे.

– इयत्ता ४ थी