थाळी वाजवून लोक जमवणारा पनवेलचा क्रांतिकारक

भाषणाला लोक यावेत म्हणून काय करावं? वासुदेव बळवंत फडके स्वतः थाळी वाजवत पुण्याच्या रस्त्यांवर फिरायचे.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणमध्ये जन्मलेले फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. आई मरणाच्या दारात असताना रजा वेळेवर मिळाली नाही, शेवटची भेट हुकली. पुढे दुष्काळात होरपळलेली गावं त्यांनी फिरून पाहिली.

भाषणं सुशिक्षितांनीही ऐकली, पण लढायला सोबत आले ते मुख्यतः रामोशी. नुसतं बोलून माणसं जोडली जात नाहीत, त्यांच्यात मिसळावं लागतं. फडके मिसळले, आणि १८७९ मध्ये बंड उभं राहिलं.

१७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. पनवेलच्या नाट्यगृहाला आज त्यांचंच नाव आहे.