गिंडीच्या कॉलेजातील पहिली मुलगी

मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची व प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावयाचे असे ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी ही नावे पहिल्याच बैठकीत संपली. माझे नाव यादीत शेवटी. शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे मी लिहीन असे कोणाला वाटलेही नसावे. पण माझ्याजवळ एक नाव होते, आणि ते कसे मिळाले ते आधी सांगते.

माझी धाकटी मुलगी दोन वर्षांपूर्वी विजेची इंजिनियर झाली आणि पुण्यात इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कचेरीत लागली. मागल्या दिवाळीत ती घरी आली ती मुकी होऊन. खोदून विचारले तेव्हा कळले की, बांधकामावर केबल चुकीच्या जागेवरून नेली होती, हिने ती चूक दाखवली, तर तेथल्या मुकादमाने हिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. साहेबांना पाठवा म्हणाला. माझा जीव तुटला. मी तिला सरळ सांगितले की ही नोकरी सोड, बी. एड. कर आणि एखाद्या शाळेत लाग. तिने वाद घातला नाही. रात्री जेवणे झाल्यावर इंग्रजीतून एका बाईची हकिकत वाचून तिने मला मराठीत सांगितली. तीच मी येथे माझ्या शब्दांत देत आहे.

या बाईंचे नाव अय्यलसोमयाजुल ललिता. हिंदुस्थानातील पहिल्या विद्युत् अभियंता स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रासेस एका तेलुगू कुटुंबात झाला. सात भावंडांतील त्या एक. वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासजवळ गिंडी येथील इंजिनियरिंग कॉलेजात विजेचे प्राध्यापक होते. घरात विद्या होती. पण रीत ती रीत. शारदा कायदा होऊन चारपाच वर्षे झाली होती, मुलीला चौदा पुरी लागत. ललिताबाईंचे लग्न पंधराव्या वर्षी, १९३४ साली झाले. लग्नानंतरही दहावीपर्यंत शिकू द्यावयाचे एवढे मात्र वडिलांनी पाहिले. १९३७ साली त्यांचे यजमान वारले. बाई अठरा वर्षांच्या आणि पदरात चार महिन्यांची मुलगी.

भगिनींनो, त्या काळी अठरा वर्षांच्या विधवेपुढे काय वाढून ठेवलेले असे, हे आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. आपल्या पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो अशाच मुलींसाठी. तिकडे मद्रासेस ललिताबाईंना त्यांचे वडीलच आश्रमासारखे झाले. त्या माहेरी आल्या, क्वीन मेरीज कॉलेजात गेल्या आणि इंटर पहिल्या वर्गात पास झाल्या.

पुढे काय, हा प्रश्न आला. डॉक्टर होण्याचा विचार निघाला होता. तो बाईंनी सोडला. कारण डॉक्टरला मध्यरात्री बोलावणे आले तरी उठून जावे लागते आणि तान्ह्या मुलीला टाकून जाणे त्यांना नको होते. सकाळी जावे, संध्याकाळी मुलीपाशी परत यावे असे काम त्यांना हवे होते. बाप व भाऊ यांच्या घरात विजेचीच बोलणी चालत, म्हणून त्यांनी वीज निवडली. मला ही गोष्ट फार आवडली. मोठ्या लोकांच्या चरित्रांत लहानपणापासून काही ध्यास असतो म्हणून सांगतात. येथे एका आईने मुलीच्या वेळेचा हिशेब घातला आणि त्यातून इंजिनियर झाली!

कॉलेज १७९४ सालापासूनचे, आणि तेथे मुलगी कधी शिकलेलीच नव्हती. वडिलांनी प्राचार्य चाको यांच्याशी व शिक्षणखात्याच्या संचालकांशी बोलणी करून परवानगी मिळवली. मुलींच्या वसतिगृहात सुरुवातीला त्या एकट्याच. लहानगीला नातलगांकडे ठेवलेले, शनिवार-रविवारी जाऊन भेटावयाचे. पुढे लीलाम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्यशाखेत आल्या तेव्हा सोबत झाली. यांतील थ्रेसियाबाई पुढे १९७१ साली केरळात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ललिताबाईंच्या पदवीपत्रावर छापील मजकूर पुरुषाला उद्देशूनच होता. तेथला शब्द खोडून वर हाताने स्त्रीचा लिहावा लागला. छापखान्याला तरी असे काही होईल हे कोठून माहीत असणार!

प्रत्यक्ष कामाचे शिक्षण त्यांनी बिहारमध्ये जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात एक वर्ष घेतले. मग १९४४ साली सिमल्यास सरकारी मानक संस्थेत साहाय्यकाची जागा मिळाली. तेथे त्या भावाच्या कुटुंबात राहिल्या व लंडनच्या विद्युत् अभियंता संस्थेची परीक्षाही दिली. दोन वर्षांनी ते काम सोडून त्या वडिलांच्या संशोधनात मदत करू लागल्या. वडिलांनी धूर न होणारी चूल काढली होती आणि विजेवर वाजणारे एक वाद्यही. चुलीविषयी मला जास्त वाचावयास मिळाले असते तर बरे झाले असते, कारण माझी आई धुराने डोळे पुसतच गेली. पण घर चालण्यास पैसा लागतो. १९४८ साली बाई कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागल्या व निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत तेथेच राहिल्या. मध्यंतरी कंपनीचे मालक तेवढे बदलले. तेथेही भावाच्या घराचा आधार होता. वहिनीने आपल्या मुलांबरोबर त्यांच्या मुलीला वाढवले, म्हणून बाई निश्चिंत मनाने कचेरीत जाऊ शकल्या. त्या वहिनीचे चरित्र कोणी लिहिलेले नाही.

बाईंचे काम होते ते कागदावरचे. लांबवर वीज नेणाऱ्या वाहिन्यांची आखणी आणि उपकेंद्राची मांडणी. उपकेंद्र म्हणजे काय, हे मुलीने मला समजावले ते असे. वीज फार दूर न्यावयाची तर तिचा दाब खूप वाढवतात, म्हणजे प्रवाह कमी राहून तारेत कमी वीज वाया जाते. गावाजवळ आल्यावर तो दाब टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. आपल्या सोसायटीच्या कोपऱ्यात जो ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो त्यात ११,००० व्होल्टची वीज येते आणि घरात २३० ची येते. कोणते यंत्र कोठे ठेवावे, दोघांत किती अंतर सोडावे, बिघाड झाला तर कोणता भाग आपोआप बंद व्हावा, हे सारे आधी कागदावर ठरवतात. तेथे चूक झाली तर माणूस मरतो.

माझी मुलगी हेच काम इमारतीपुरते करते. एका घरात गीझर दोन हजार वॅटचा, इस्त्री हजाराची, मिक्सर पाचशेचा. अशी शंभर घरे धरली की आकडा डोळे फिरवणारा होतो. पण सगळ्या घरांत सगळे एकदम चालत नाही, म्हणून त्याचा काही भागच धरतात. मी म्हटले, यात नवे ते काय? लग्नात पाचशे पाने असली तरी एका पंगतीला पाचशे पाट कोणी मांडत नाही. ती खूप हसली. दिवाळीत पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेच्या कामातही ललिताबाईंचा वाटा होता. सतलजवरचे ते धरण २२६ मीटर उंच, १९६३ साली नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केले. १९५३ साली लंडनच्या संस्थेने बाईंना सहसदस्य करून घेतले, १९६६ साली पूर्ण सदस्य. १९६४ साली न्यू यॉर्कला स्त्री अभियंता व शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली, तिला त्या गेल्या. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. १९७९ साली, निवृत्तीला दोनच वर्षे झाली असता, वयाच्या साठाव्या वर्षी त्या वारल्या.

एक गोष्ट मात्र ऐकताना माझ्या घशाशी आली. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाणे बाई टाळीत. तरुण विधवेने एकटीने गावोगाव फिरावे हे समाजाला रुचत नव्हते, म्हणून त्यांनी कचेरीतले, टेबलावरचे काम पत्करले. ज्या वाहिन्या त्यांनी आखल्या त्या उभ्या राहताना त्यांनी किती पाहिल्या असतील? ते वर्ष १९४८ होते. आणि मी माझ्या मुलीला साइटवर जाऊ नकोस, लोक काय म्हणतील, हे आता, या काळात, सधवा-विधवेचा प्रश्नही नसताना सांगत होते. मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती, वाचतच होती. मीच उठून पाणी प्यायले.

बी. एड. चा विषय मी पुन्हा काढला नाही. त्या मुकादमापुढे काय बोलावे हे मला सांगता येत नाही, ते तिचे तिलाच पाहावे लागेल. मागल्या महिन्यात तिने मला एक मोठा नकाशा उलगडून दाखवला. रेघाच रेघा. उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन होता, त्यात आराखडा काढणाराचे नाव असते. इंग्रजी मोठी अक्षरे मला लावता येतात. मी एकेक अक्षर लावून तिचे नाव वाचले. येत्या गुरुवारी ती त्याच इमारतीवर जाणार आहे. त्यासाठी तिला पुढे लोखंडी टोपी असलेले बूट लागतात, आणि बायकांच्या मापाचे ते येथे मिळाले नाहीत. सध्या ती पुरुषांच्याच बुटांत दोन मोजे घालून जाते.