वारशात आलेली फाळणी

राष्ट्रावर कोसळणाऱ्या आपत्तींचा हिशेब सामान्यतः मृतांच्या आणि निर्वासितांच्या संख्येत मांडला जातो. त्या आपत्तीने आई व मुलगी, भाऊ व बहीण यांच्या नात्यांचे काय केले, याची नोंद खानेसुमारीत होत नाही. बंगालच्या फाळणीपुरती ही नोंद ठेवण्याचे काम ऋत्विक घटक यांनी चित्रपटाच्या माध्यमातून केले.

घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ रोजी ढाक्यात झाला. वडील सुरेशचंद्र जिल्हा दंडाधिकारी होते. बालपण पद्मेच्या खोऱ्यात गेले. १९४३ च्या दुष्काळात अन्नाच्या शोधात निघालेली माणसे तरुण ऋत्विकने पाहिली. पाठोपाठ १९४७ ची फाळणी आली. कुटुंब कलकत्त्यात स्थिरावले. पुढे जुळी बहीण प्रतीती मात्र विवाहानंतर सीमेपलीकडे राहिली. एकाच वेळी जन्मलेली दोन भावंडे दोन देशांची नागरिक झाली. घटकांच्या चित्रपटांत भाऊ-बहिणीचे नाते पुन्हा पुन्हा का येते, याचा उलगडा येथे होऊ शकेल.

इप्टाच्या नाट्यचळवळीतून ते चित्रपटाकडे वळले. १९५२ साली पूर्ण केलेला ‘नागरिक’ त्यांच्या हयातीत प्रदर्शितच झाला नाही. मुंबईत त्यांनी बिमल रॉय यांच्यासाठी ‘मधुमती’ची कथा लिहिली. हिंदी चित्रसृष्टीत त्यांना उपजीविका सहज मिळाली असती. पण ते कलकत्त्याला परतले.

१९६० चा ‘मेघे ढाका तारा’ हा त्यांचा सर्वांत परिचित चित्रपट. निर्वासितांच्या वसाहतीतील शाळामास्तरांची मुलगी नीता शिक्षण सोडून नोकरी धरते आणि तिच्या पगारावर सारे घर उभे राहते. तिच्यावर प्रेम करणारा सनत धाकट्या बहिणीकडे वळतो, तेव्हा आईला ते मनातून हवेच असते. कारण नीताचे लग्न झाले, तर घरात येणारा पैसा थांबणार. या आईला दुष्ट म्हणून भागणार नाही. एकच मिळकत आणि खाणारी तोंडे अनेक, अशा घरात मायेलाही हिशेब करावा लागतो. नीता क्षयाने खंगते. तोवर गायक भावाला नाव मिळालेले असते आणि घराला बरे दिवस आलेले असतात. अखेरीस तुटकी चप्पल ओढत चालणारी दुसरीच एक मुलगी दिसते. एका मुलीचा बळी गेला तरी व्यवस्था कायम आहे, एवढेच ते दृश्य सांगते.

‘सुवर्णरेखा’ १९६२ साली तयार झाला व १९६५ साली प्रदर्शित झाला. त्यात घटक आणखी खोल जातात. निर्वासित ईश्वर वसाहत सोडून एका कारखान्यात नोकरी पत्करतो, ती आईवडिलांविना वाढणाऱ्या धाकट्या सीतेसाठी. तिने ज्याच्यावर प्रेम केले तो अभिराम खालच्या मानलेल्या जातीचा निघतो, तेव्हा भागीदारीची संधी हुकेल या भयाने ईश्वर लग्नाला विरोध करतो. शेवटी मद्याच्या नशेत एका गाणाऱ्या बाईच्या दारी तो पोहोचतो, ती त्याचीच बहीण असते. सीता जीव देते. भाच्याचा हात धरून ईश्वर नव्या घराच्या शोधात चालू लागतो. मामाने केलेल्या चुकांचे ओझे आता त्या पोरक्या मुलाच्या वाट्याला आलेले असते.

१९६५ च्या सुमारास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक व उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. अपयश, मद्यपान आणि ढासळती प्रकृती यांनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. त्यांच्या व्यसनाला कलावंताचे वलय देण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्याची किंमत पत्नी सुरमादेवी आणि मुले यांनी मोजली. हे सत्य खुद्द घटकांनी लपविले नाही. ‘युक्ती तक्को आर गप्पो’ या अखेरच्या कथापटात, पत्नी मुलाला घेऊन सोडून गेलेल्या मद्यपी बुद्धिवंताची भूमिका त्यांनी स्वतः केली. मुलाच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा होता. वडिलांकडून मुलाला काय मिळते, हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारला. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते निवर्तले.

आजोबांचे कर्ज नातवाने फेडावे, हा ग्रामीण अर्थकारणाचा जुना अनुभव आहे. दुःखाचेही तसेच असते, आणि ते बहुधा घरातील सर्वांत सोशिक माणसाच्या नावे लिहिले जाते. कमावत्या मुलीचा त्याग गौरवून तिचे लग्न, शिक्षण, औषधपाणी पुढे ढकलणारी घरे केवळ निर्वासितांच्या वसाहतीत नव्हती आणि आजही ती केवळ बंगालमध्ये नाहीत. अशा घरांनी नीताला देवीपद देण्यापूर्वी तिच्या पगारावर कोण जगले, हे तपासावे. घटकांच्या चित्रपटांचा आग्रह एवढाच आहे.