वादळातील शांती

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचे एक लहान गाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सॅम्युएल वेस्ली हे तेथील धर्मगुरू होते. विद्वत्ता पुष्कळ, उत्पन्न बेताचे आणि घरात मुलांचे गोकुळ, असा त्यांचा संसार होता. जॉन हा त्यांचा मुलगा १७०३ साली जन्मला. आई सुझाना मोठी करारी होती. मुलांची शाळा ती घरातच भरवी आणि आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी निवांतपणे बोलण्यासाठी राखून ठेवी. गुरुवारची संध्याकाळ जॉनची असे.

१७०९ सालच्या फेब्रुवारीतील एका मध्यरात्री त्यांच्या घराला आग लागली. घर लाकडी, छप्पर गवताने शाकारलेले. पाहता पाहता सारे पेटले. दाईने मुलांना उठवून बाहेर नेले. अंगणात आल्यावर मुले मोजली, तो जॉन नाही! पाच वर्षांचे ते पोर माडीवर झोपूनच राहिले होते. वडील जिन्याकडे धावले, परंतु पायऱ्या जळत होत्या. पुत्राचा आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवून त्यांनी गुडघे टेकले. इतक्यात जॉन जागा झाला. खिडकीजवळच्या पेटीवर चढून तो उभा राहिला. शिडी आणण्यास अवधी नव्हता. तेव्हा एक गडी भिंतीला टेकून उभा राहिला, दुसरा त्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने जॉनला खिडकीतून ओढून घेतले. त्याच क्षणी छप्पर आत कोसळले. देवाने या मुलाला काही कार्यासाठीच वाचविले, असे सुझानेला त्या दिवसापासून वाटू लागले.

जॉन पुढे ऑक्सफर्ड येथे शिकला, धर्मगुरू झाला आणि तेथेच अध्यापकही झाला. धाकटा बंधू चार्ल्स व काही मित्र यांच्यासह जॉन वेस्ली नेमाने उपासना करीत, उपवास करीत, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस करीत. प्रत्येक गोष्ट ठरावीक पद्धतीने करण्याचा त्यांचा हट्ट पाहून इतर विद्यार्थी त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतवाले म्हणून चिडवीत. थट्टेने दिलेले हे नाव पुढे एका मोठ्या पंथाला कायमचे चिकटले. त्या नावाची प्रार्थनामंदिरे मुंबई-पुण्यासही आहेत. परंतु इतके कडक आचरण करूनही वेस्ली यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. आपण देवाला पसंत पडलो की नाही, ही शंका त्यांना सतत कुरतडीत असे.

१७३५ साली अमेरिकेतील जॉर्जिया या नव्या वसाहतीत धर्मोपदेशक म्हणून ते निघाले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे २६ जर्मन लोक होते. ही माणसे मोठी विलक्षण. जी हलकी कामे करण्यास इंग्रज उतारू नाके मुरडीत, ती ते आनंदाने करीत आणि मोबदला घेत नसत. कोणी धक्का दिला वा मारले, तरी उठून निमूटपणे बाजूला होत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून वेस्ली जर्मन भाषा शिकू लागले.

जानेवारी १७३६ मध्ये एकामागून एक वादळे उठली. लाटा डोंगरासारख्या अंगावर येऊ लागल्या. इतरांना मरणाची तयारी करण्याचा उपदेश करणाऱ्या वेस्लींना स्वतःच्या मरणाचे भय वाटू लागले. ते त्यांनी स्वतःपासून लपविले नाही. आपली श्रद्धा कोठे गेली, या विचाराने ते मनातून ओशाळले. २५ जानेवारीच्या संध्याकाळी जर्मनांची उपासना चालू असताना एक प्रचंड लाट जहाजावर फुटली. मुख्य शिडाच्या चिंधड्या उडाल्या. सागराने गिळावे तसे सारे जहाज पाण्याखाली गेल्यासारखे दिसले आणि खालच्या मजल्यात पाणी धो धो शिरले. इंग्रज उतारूंमध्ये आकांत उसळला. जर्मनांनी मात्र क्षणभर वर पाहिले आणि चाललेले स्तोत्र तसेच पुढे चालविले. वेस्लींनी नंतर त्यांच्यातील एकाला, भीती वाटली नाही काय, असे विचारले. त्याने नकार देऊन देवाचे आभार मानले. निदान बायकामुलांना तरी वाटली असेल, असे त्यांनी पुन्हा विचारले. आमच्या बायकामुलांनाही मरणाचे भय नाही, असे त्याने सौम्यपणे सांगितले. वेस्ली यांच्यासारख्या पंडिताला जे साधले नव्हते, ते या साध्या माणसांच्या लेकरांना साधले होते.

जॉर्जियात त्यांच्या पदरी अपयशच आले. नियमांच्या अतिरेकाने त्यांनी पुष्कळांना दुखविले. भांडणे झाली आणि अखेर खिन्न मनाने ते परतले. लंडनमध्ये त्यांची पीटर बोलर या तरुण मोरेव्हियनाशी गाठ पडली. देवाची प्रीती आपल्या पुण्याने विकत घ्यावयाची नसते, ती ख्रिस्तावर भरवसा ठेवून स्वीकारावयाची असते, असे तो त्यांना परोपरीने समजावीत असे. वेस्ली वाद घालीत, परंतु ग्रंथ उघडून पाहिले म्हणजे त्यांना गप्प बसावे लागे.

२४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहानशा सभेस ते गेले. गेले तेही अगदी नाखुशीने. रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथर यांनी लिहिलेली प्रस्तावना तेथे वाचली जात होती. पावणेनऊच्या सुमारास, ख्रिस्ताने आपले पाप दूर केले आहे आणि आपल्याला मरणापासून सोडविले आहे, ही गोष्ट त्यांना एकाएकी आपली स्वतःची वाटली. अंतःकरणात एक ऊब पसरली. ज्यांनी छळ केला होता, त्यांच्यासाठी त्यांनी तेथेच प्रार्थना केली. घरी आल्यावर जुन्या शंका पुन्हा धावून आल्याच. फरक इतकाच की, पूर्वी या झुंजीत ते वारंवार हरत. आता जिंकू लागले.

या शांतीची कसोटी लवकरच लागली. पुष्कळ देवळांचे दरवाजे त्यांना बंद झाले. तेव्हा १७३९ साली ब्रिस्टलजवळ त्यांनी उघड्या मैदानात उपदेश करण्यास आरंभ केला. शिस्तप्रिय वेस्लींना ही रीत प्रथम मुळीच रुचली नव्हती. कोळशाच्या खाणीतील मजूर हजारोंनी ऐकावयास येत. त्याबरोबर दगडधोंडेही येत.

ऑक्टोबर १७४३ मध्ये वेडन्सबरी येथे एका चवताळलेल्या जमावाने ते होते त्या घराला वेढा घातला. वेस्ली उंचीने ठेंगणे, अंगाने सडपातळ. जमावातील सर्वांत संतापलेल्या माणसाला आत आणा, असे त्यांनी सांगितले. चार शब्द बोलताच तो निवळला. मग ते स्वतः बाहेर जाऊन लोकांत उभे राहिले. जमावाला तोंड द्यावयाचे, पाठ दाखवावयाची नाही, हा त्यांचा परिपाठच होता. लोकांनी त्यांना रात्रीच्या पावसात न्यायाधीशाकडे नेले, तर तो बिछान्यातून उठेना. वाटेत दुसऱ्या गावचा जमाव तुटून पडला. एकाने मागून सोट्याचे घाव घातले. ते सारे चुकले. दुसऱ्याने मारण्यासाठी हात उगारला आणि एकाएकी तो खाली घेऊन, यांचे केस किती मऊ आहेत, असे म्हणत त्यांच्या डोक्यावरून फिरविला! शेवटी दंगेखोरांचा म्होरक्याच त्यांच्या बाजूस आला आणि त्याने त्यांना सुखरूप बाहेर काढले. कबजाचा एक पदर फाटला आणि हाताची थोडी कातडी सोलली, एवढेच नुकसान झाले. साऱ्या गोंधळात आपले चित्त अभ्यासिकेत बसल्यासारखे स्थिर होते, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली.

यानंतर जवळजवळ ५० वर्षे ते इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या देशांत हिंडत राहिले. घोड्याचा लगाम सैल सोडून, पुस्तक वाचीत ते वाट चालत. त्यांचा प्रवास सुमारे अडीच लाख मैल झाला, असा हिशेब सांगतात. १७७४ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मरणापूर्वी थोडेच दिवस अगोदर, फेब्रुवारी १७९१ मध्ये, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांना धीर देणारे पत्र पाठविले.

२ मार्च १७९१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, लंडन येथे वेस्ली यांनी शांतपणे देह ठेवला. आपल्या प्रेतयात्रेत गाडी नसावी, थाटमाट नसावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. सहा गरीब माणसांनी शव वाहून न्यावे आणि त्यांना मिळून सहा पौंड द्यावेत, एवढीच तरतूद त्यांनी केली होती. त्याप्रमाणे त्या सहा जणांनी त्यांना थडग्यापर्यंत नेले.