लोकनायक बापूजी अणे : भाषा एक, राज्ये दोन

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा इतिहास वाचताना त्या चळवळीच्या बाजूने उभे राहिलेल्यांची नावे आपल्याला सहज आठवतात. तिच्यापासून वेगळे उभे राहिलेल्यांना मात्र पाठ्यपुस्तकात बहुधा एखाद्या ओळीचीच जागा मिळते. माधव श्रीहरी अणे यांचा समावेश या दुसऱ्या वर्गात होतो. ते टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते, संस्कृतचे पंडित होते आणि मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले होते. असा मनुष्य मराठी भाषकांचे एकच राज्य असावे या मागणीला अखेरपर्यंत संमती देत नाही, याची संगती लावल्याशिवाय भाषा आणि राज्य यांचा संबंध नीट कळत नाही. म्हणून या घटकात त्यांच्या चरित्राचा समावेश केला आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. विदर्भाच्या मागणीसाठी मराठीत तीन विशेषणे रूढ आहेत. ‘स्वतंत्र’ हे समर्थकांचे, ‘वेगळा’ हे वृत्तपत्रांचे आणि ‘फुटीर’ हे विरोधकांचे. यांपैकी कोणत्याही शब्दाने भारतातून बाहेर पडण्याचा अर्थ सूचित होत नाही. मागणी होती ती भारतीय संघराज्यातील एका घटकराज्याची. एकाच मागणीला तीन नावे असतात तेव्हा नाव घेणारा कोठे उभा आहे हे त्या नावावरून समजते. प्रस्तुत लेखकाने ‘वेगळा’ हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द स्वीकारला आहे. तो पूर्णतः तटस्थ आहे असा दावा नाही.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. काही वर्षे अमरावतीस शिक्षकी केल्यानंतर ते कायद्याकडे वळले आणि यवतमाळला वकिली करू लागले. टिळकांचे राजकारण हीच त्यांची खरी पाठशाळा होती. होमरूल चळवळीत ते वऱ्हाडातील प्रमुख कार्यकर्ते होते. टिळकांच्या निधनानंतर गांधीयुग सुरू झाले, तरी त्यांच्या मनाची घडण टिळकपंथीच राहिली. कायदेमंडळावर बहिष्कार टाकण्यापेक्षा तेथे जाऊन झगडावे, असे त्यांना वाटे. त्यामुळे ते प्रथम स्वराज्य पक्षात आणि नंतर जयकर, केळकर, मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेच्या गटात गेले. ग्वाल्हेर येथे १९२८ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच काळात त्यांच्याकडे आले. मराठी मुलखाच्या बाहेरच्या संस्थानी राजधानीत, वऱ्हाडातील एका वकिलाच्या अध्यक्षतेखाली हे संमेलन झाले. मराठी भाषेचे क्षेत्र एका प्रांताच्या सीमेत मावत नाही, हे त्या काळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

मतभेद असूनही १९३०च्या सविनय कायदेभंगात ते मागे राहिले नाहीत. समुद्र नसलेल्या प्रदेशात मीठ कोठून आणणार, हा प्रश्न वऱ्हाडापुढे होता. त्यावर जंगल सत्याग्रह हे उत्तर निघाले. जुलै १९३०मध्ये पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून अणे यांनी कायदा मोडला आणि कारावास पत्करला. गवत आणि सरपण यांवरील निर्बंध ही तेथील शेतकऱ्याची रोजची अडचण होती. त्यामुळे ही चळवळ खेडोपाडी पसरली. पुढील वर्षी बंगाल काँग्रेसमधील सेनगुप्त आणि सुभाषचंद्र बोस यांच्या गटांतील वाद मिटविण्यासाठी लवाद म्हणून त्यांचीच निवड झाली. १९३३मध्ये बहुतेक नेते तुरुंगात असताना ते काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष होते. परंतु जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांचे काँग्रेसशी पटेना. निवाडा स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही, ही काँग्रेसची भूमिका त्यांना मान्य नव्हती. १९३४मध्ये मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला.

१९४१मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. काँग्रेसचे वैयक्तिक सत्याग्रही तुरुंगात असताना घेतलेला हा निर्णय अनेकांना रुचला नाही, आणि तो रुचण्यासारखा होता असे आजही म्हणवत नाही. फेब्रुवारी १९४३मध्ये गांधींच्या उपोषणाच्या वेळी मात्र होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी, संविधान सभेचे काही काळ सदस्य आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, अशी पदे त्यांनी भूषविली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वेगळ्या विदर्भाची कल्पना अणे यांच्या मनात म्हातारपणी अचानक उद्भवली नाही. तिची मुळे ते ज्या प्रदेशात वाढले त्याच्या इतिहासात आहेत. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख होता. १८५३च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२मध्ये तो कायम पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन मध्यप्रांतात आले होते. म्हणजे मुंबई इलाख्यातील मराठी माणूस आणि वऱ्हाड-नागपूरचा मराठी माणूस यांच्यावर शंभर वर्षे निरनिराळ्या सरकारांची सत्ता होती. त्यांची न्यायालये, महसुलाची पद्धत आणि विधिमंडळे वेगळी होती. १९२०च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, तेव्हाही मराठी भाषकांच्या वाट्याला एक समिती आली नाही. मुंबई शहर, महाराष्ट्र, मध्यप्रांतातील मराठी भाग आणि वऱ्हाड अशी विभागणी झाली. वऱ्हाडच्या समितीचे अध्यक्षपद दीर्घ काळ अणे यांच्याकडे होते. भाषावार संघटनेचे तत्त्व मान्य असतानाही एका भाषेचे अनेक घटक असू शकतात, हा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता.

लोणावळा, भुशी किंवा मावळातील विद्यार्थ्याला हे अंतर जाणवणे कठीण आहे. बोरघाटातून वर येणारी रेल्वे आपल्याला तासाभरात पुण्याला नेते आणि तेवढ्याच सहजतेने मुंबईशी जोडते. नागपूरची रेल्वे या घाटातून जातच नाही. ती थळघाटाने भुसावळमार्गे १८६७मध्ये नागपूरला पोहोचली. तिने वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला. मुंबईहून नागपूर ८०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. कापूस पिकविणारा प्रदेश आणि त्याच्या व्यापारावर वाढलेले शहर यांच्यातील हा जुना संबंध विदर्भवाद्यांच्या युक्तिवादामागे सतत उभा असे.

प्रारंभी या मागणीचा रोख मुंबई-पुण्याकडे नव्हता. मध्यप्रांतातील हिंदी भागाच्या वर्चस्वातून मराठी जिल्ह्यांनी बाहेर पडावे, असे तिचे स्वरूप होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८मध्ये वेगळ्या विदर्भाचा ठरावही केला होता. संयुक्त महाराष्ट्राची कल्पना बळावल्यावर त्याच मागणीला नवा प्रतिपक्ष मिळाला. ऑगस्ट १९४७च्या अकोला कराराने एका प्रांतात दोन उपप्रांतांची तडजोड सुचविली. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने नोकऱ्या, शिक्षण आणि खर्च यांत विदर्भाला न्याय्य वाटा, तसेच विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासने दिली. अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांना ही आश्वासने पुरेशी वाटली नाहीत. राज्य पुनर्रचना आयोगापुढे वेगळ्या राज्याची बाजू मांडणाऱ्यांत हे दोघे अग्रभागी होते.

अणे यांच्या भूमिकेचे सार असे सांगता येईल. भाषा हा संस्कृतीचा धागा आहे, पण तो राज्याचा एकमेव पाया नव्हे. इतिहास, अंतर, महसूल आणि कारभाराची सोय यांचाही विचार व्हायला हवा. या संदर्भात डॉ. आंबेडकरांच्या १९५५मधील भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तिकेचे स्मरण उपयुक्त ठरेल. एका राज्यात एक भाषा असावी, परंतु एका भाषेचे एकच राज्य असण्याचे कारण नाही, हा भेद त्यांनी तेथे स्पष्ट केला आणि मराठी भाषकांचे चार भाग सुचविले. दोघांची सामाजिक भूमिका अत्यंत भिन्न होती. जातीय निवाड्याच्या काळात तर ते परस्परविरोधी टोकांवर होते. तरीही या एका मुद्द्यावर त्यांचे तर्क जवळ येतात.

फाजल अली आयोगाने ३० सप्टेंबर १९५५च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस केली. अणे यांच्या बाजूचा हा मोठा विजय होता. परंतु तो कागदावरच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९६२च्या निवडणुकीत वयाच्या ८२व्या वर्षी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. वैयक्तिक आदर आणि विदर्भाचा प्रश्न या दोहोंचा त्या विजयात वाटा असावा.

या चळवळीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिचे नेतृत्व वकील, व्यापारी आणि शहरी सुशिक्षितांच्या हाती राहिले. जंगल सत्याग्रहात गवत कापायला आलेला शेतकरी वेगळ्या राज्यासाठी तशा संख्येने आला नाही. कापसाचा भाव, कर्ज आणि पाणी या त्याच्या प्रश्नांना वेगळे राज्य नेमके कसे उत्तर देणार, हे त्याला समजेल अशा भाषेत फारसे सांगितले गेले नाही. दुसऱ्या बाजूने, नागपूर करारातील आश्वासनांचे काय झाले, हा प्रश्नही तेवढाच रास्त आहे. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२)मध्ये विकास मंडळांची तरतूद १९५६पासून होती. ती मंडळे प्रत्यक्षात आली १९९४मध्ये. अणे यांच्या शंका निराधार होत्या असे म्हणणाऱ्याने ही ३८ वर्षे ध्यानात घ्यावीत.

अखेरच्या वर्षांत राजकारणापेक्षा काव्यात त्यांचे मन अधिक रमले. टिळकांच्या चरित्रावर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य त्यांनी रचले. मराठी नेत्याचे चरित्र त्याच्या मराठी अनुयायाने संस्कृतात लिहावे, ही निवड बोलकी आहे. आपला वाचक एका प्रांतापुरता नसावा, अशी त्यामागे इच्छा असावी. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. महाकाव्याला १९७३मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, तो संस्कृत विभागात.