अप्पासाहेब पटवर्धन

सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४ – १९७१) हे महाराष्ट्रातील गांधीवादी समाजसेवक, स्वातंत्र्यसैनिक व लेखक होते. 'कोकणचे गांधी' या नावाने ते परिचित आहेत. संडासांची स्वच्छता आणि मैला वाहण्याच्या कामातून माणसांची सुटका हे त्यांच्या जीवनाचे मुख्य कार्य होय.

जीवन

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. तत्त्वज्ञानाचे अध्ययन केल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले व नंतर ते महात्मा गांधींच्या कार्यात सामील झाले. १९३० मधील शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांचा सहभाग होता.

रत्नागिरी तुरुंगातील सत्याग्रह

त्या काळी शहरांत व तुरुंगांत टोपलीचे संडास असत. त्यांतील मैला रोज हातांनी काढून वाहून न्यावा लागे आणि हे काम जातीने ठरलेल्या लोकांकडेच असे. तुरुंगातील कामाची वाटणीही त्याच धर्तीवर होई. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेबांनी सफाईचे हे काम स्वतःसाठी मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही, या कारणावरून नकार मिळाल्यावर त्यांनी अन्नसत्याग्रह आरंभला. पुणे करार होऊन जेमतेम सव्वादोन महिने लोटले होते. येरवडा तुरुंगात असलेल्या गांधीजींनी डिसेंबर महिन्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले व सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते थांबवले. कैद्यांचे सत्याग्रह बहुधा काम नाकारण्यासाठी किंवा सवलतींसाठी होत. सर्वांत हलके मानले गेलेले काम मिळावे म्हणून झालेला हा सत्याग्रह त्यामुळेच वेगळा ठरतो.

गोपुरी संडास

मैला उचलण्यात सवर्णांनी वाटा घेतल्याने अस्पृश्यतेच्या भावनेवर आघात होत होता. पण टोपली आणि तिच्याबरोबर येणारी घाण, माश्या व रोगराई कायमच राहत होती. मैला ताजा असताना कोणालाही हाताळावा लागू नये, अशी संडासाची रचनाच हवी, या विचारातून अप्पासाहेबांचे पुढील प्रयोग झाले. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे विकसित झालेला संडास 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला जातो.

यात आलटूनपालटून वापरायचे दोन कप्पे असतात. प्रत्येक वापरानंतर मैल्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकतात. त्यामुळे दुर्गंधी व माश्या यांना आळा बसतो. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरात आणतात. बंद कप्प्यातील मैला कुजून त्याचे सोनखत होते आणि ते शेतीला घालता येते. नळाचे पाणी व भुयारी गटार नसलेल्या खेड्यांना ही पद्धत सोयीची होती. मात्र मातीचा थर देण्याची शिस्त मोडली, तर संडास पुन्हा पूर्वीसारखाच घाण होतो. बांधकामापेक्षा ही सवय लावणे अधिक कठीण असते.

मृत जनावरांचे कातडे सोडवणे व कमावणे ही कामेही अप्पासाहेबांनी प्रतिष्ठेची मानली व आश्रमाच्या कार्यात त्यांना स्थान दिले. उत्तरायुष्यात ते भूदान चळवळीशीही संबंधित होते.

लेखन

गांधीजींच्या आत्मकथेचा त्यांनी मराठी अनुवाद केला. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचे आत्मचरित्र होय. गोपुरी आश्रम आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो.