टाळ्या, पदकं आणि उचल

उचल हा शब्द आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्वरिता देवीचं आमचं तलवाडा घ्या, नाहीतर गेवराई तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम दारात येतो, पैसे मोजून देतो आणि पुढचे पाच-सहा महिने त्या पैशापोटी बांधले जातात. पण हाच शब्द, अगदी याच अर्थानं, तमाशाच्या फडातही चालतो. जत्रेत कनातीबाहेर तिकिटाला उभं राहणाऱ्याला आत नाचणारी बाई दिसते, तिच्या अंगावर किती उचल आहे ते दिसत नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सांगावी असं मला वाटतं.

विठाबाईंचा जन्म जुलै 1935 मधला, पंढरपूरचा. घराणंच तमाशाचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. फडाचं नाव होतं भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात अशी थेट बोर्डावर! आज वाचताना आपण जरा अडखळतो. पण ज्या गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याच गावात हे नाव लावून तंबू ठोकायचा आणि सगळ्या गावाला तिकीट काढून आत यायला लावायचं, यात एक ताठा होता. लावणी, गवळण, भेदिक हे सगळं विठाबाई लहानपणापासून कानांनीच शिकल्या. पुढे वगात उभ्या राहिल्या की लोक हलत नसत. आवाज, नाच आणि अभिनय तिन्ही एका बाईत, हे फडात फार क्वचित जमतं.

1957 साली, वयाच्या अवघ्या बाविशीत, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 1990 साली पुन्हा एकदा. पदकं दोन झाली, पण त्यांच्या मागचा हिशेब पाहायचा तर फड कसा चालतो ते पाहावं लागतं.

पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथं गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा, म्हणजे साधारण सात महिने. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये, मावशी ही मंडळी आपल्याला दिसतात. तंबू ठोकणारे बिगारी, गाड्यांचे ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या बाया ही दिसत नाहीत. हंगामाआधी प्रत्येकाला उचल द्यायची आणि ठरलेल्या पगारातून ती फेडून घ्यायची, अशी ही रीत. मध्येच सोडून जायचं म्हटलं तर उचल परत करा. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. पावसानं चार खेळ बुडाले, गल्ला आला नाही, तर मालक आधी सावकाराकडे बघतो आणि मग वहीकडे.

विठाबाईंचं वेगळेपण असं, की त्या या वहीच्या दोन्ही बाजूंना होत्या. वडिलांच्या पश्चात फड त्यांच्या नावावर चालला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रभर गेलं. म्हणजे माणसांना पैसे देणाऱ्या मालकीणबाई त्याच, आणि रात्री उशिरापर्यंत पायात चाळ बांधून उभ्या राहणाऱ्याही त्याच. त्या बसल्या तर खेळ बसणार, खेळ बसला तर शंभर चुली. मालकीण म्हणून त्यांना कुणी सुट्टी नाकारली नव्हती. नाकारायला कुणी नव्हतंच मुळी.

म्हणूनच ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट घडली. दिवस पूर्ण भरलेले असताना विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या. दगडानं नाळ तोडली, बाळ बाजूच्यांच्या हाती दिलं आणि पुन्हा नाचायला आल्या. तमाशावरच्या भाषणांमधून ही हकीकत मोठ्या कौतुकानं सांगतात आणि समोरचे टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्या कधी वाजवता आल्या नाहीत. बाळंतीण बाई त्याच रात्री नाचली यात तिची हिंमत आहे, पण तिला नाचावं लागलं ही लाज कुणाची?

मैत्रिणींनो, आपल्या देशात मातृत्व लाभाचा कायदा 1961 साली झाला. बाळंतपणासाठी 12 आठवडे पगारी रजा त्यानं दिली, पुढे 2017 मध्ये ती 26 आठवडे झाली. कारखान्यातल्या, ऑफिसातल्या बाईला तिचा उपयोग झाला. फडातल्या बाईपर्यंत तो कायदा पोचलाच नाही. हजेरीपट नाही, नेमणुकीचा कागद नाही, मग रजा कुणाकडून मागणार? आपल्याकडच्या ऊसतोड बायांना हे नव्यानं सांगायला नको. फडातून फडात जातानाच बाळंत होणाऱ्या बाया आपण पाहिल्यात. (ऊस असतो तोही फडच, आणि तमाशाचाही फडच!) एक खाडा झाला की दंड. तो खाडा वाचवायला गर्भाशय काढून टाकणाऱ्या बीडच्या बाया 2019 साली बातम्यांमध्ये आल्या, तेव्हा कुठं शासनानं चौकशी समिती नेमली.

तरी ऊसतोडीत एक गोष्ट झाली. संघटना उभ्या राहिल्या, कोयता बंद झाला, साखर संघाला बोलणीला बसावं लागलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली, आणि संघटनेची पावती फाडलेली असो वा नसो, दर सगळ्याच कोयत्यांना तोच. उचल एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि बाईच्या हातात काय येतं हा प्रश्न उरतोच, पण निदान दराचा एक कागद आहे. शहरातल्या नाटकातही नटाची नाइट ठरलेली असते, पडद्यामागच्या कामगारांचीही संघटना आहे. तमाशात परिषदा भरतात, निवेदनं जातात, मात्र त्यांत मागणं बहुतेक फड जगवण्याचं असतं, अनुदानाचं, परवानग्यांचं. फड जगलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मुख्य नर्तकीला किती, मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरीला किती आणि बिगाऱ्याला किती, हे ज्याचं त्यानं उचल घेताना एकट्यानं ठरवायचं. घरात चूल विझलेली असताना एकट्या माणसाला भाव काय करता येणार?

विठाबाईंनी आपल्या मुलींनाही याच बोर्डावर उभं केलं. मंगला बनसोडे त्यांतल्याच, पुढे त्यांनी स्वतःचा फड काढला आणि गाजवला. आईचं शरीर मात्र थकत गेलं होतं. फडाला निवृत्ती नसते, फंड नसतो, आणि मालकीण म्हणून नाव मोठं असलं तरी गाठीला काही उरतंच असं नाही. शेवटची वर्षं फार ओढगस्तीत गेली. 15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीनं भागवावं लागलं. दोनदा राष्ट्रपतींनी गौरवलेली बाई होती ती!

गेल्यावर मात्र राज्य शासनानं त्यांच्या नावानं तमाशातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याची रक्कम बरीच वर्षं 5 लाख रुपये होती. कांताबाई सातारकरांना तो मिळाला, पुढे मंगलाताईंनाही मिळाला. लेकीला आईच्या नावाचा पुरस्कार, हा क्षण कुणालाही गलबलून टाकणारा. पण असा पुरस्कार वर्षाला एकाच कलावंताच्या वाट्याला येतो. बाकीच्यांसाठी वृद्ध कलावंतांचं मानधन आहे. पूर्वी त्यात अ, ब, क अशा श्रेणी होत्या, 2024 पासून सगळ्यांना सारखे महिना 5 हजार रुपये ठरले. ही श्रेणी गेली ते बरं झालं. फडातली म्हातारी अर्ज घेऊन गेली की तिला 15 वर्षं कलेत काम केल्याचा पुरावा विचारतात. तिनं घेतलेली एकेक उचल ज्या वहीत लिहिली होती, ती वही मालकाच्या पेटीत राहिलेली असते.